रायफल तीच, नेमबाज तीच, मग गोळी का चुकते? बॅरलच्या सफाईची आणि काडतुसांच्या 'लॉट'ची गोष्ट

३१ जुलै २०२४. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी शातोरूच्या रेंजवर सुरू होती आणि ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची पात्रता फेरी रंगली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ६०० पैकी ५९० गुण मिळवले, सातवा आला आणि पहिल्या आठांच्या अंतिम फेरीत गेला. भारताचाच ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ वर थांबला. त्याचा नंबर अकरावा लागला आणि त्याची स्पर्धा तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी स्वप्नीलने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

अंतिम फेरी आणि घरचा रस्ता यांच्यात अंतर होतं एका गुणाचं. तोमरच्या रायफलमध्ये काही खोट होती असं इथे अजिबात सुचवायचं नाही. पण या खेळात एक गुण म्हणजे नेमकं किती, आणि त्यातला किती भाग माणसाच्या हातात असतो नि किती लोखंड, शिसं आणि मेणाच्या हातात, हे बघितलं की एक वेगळीच गोष्ट समोर येते. चांगली चालणारी रायफल हळूहळू बिघडते कशी, आणि ती पुन्हा जागेवर आणतात कशी, याची.

एक 'दहा' म्हणजे किती?

शिरवण्याजवळच्या जुईनगर स्टेशनवर लोकल थांबली की तिचे साधारण अडीच डबे म्हणजे ५० मीटर. एवढ्या अंतरावर टांगलेल्या टार्गेटमधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढा.

नियम असा, की गोळीच्या छिद्राची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. म्हणजे हिशेब सोपा: वर्तुळाची त्रिज्या ५.२, गोळीची २.८, बेरीज ८. गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला तर दहा, बाहेर गेला तर नऊ. साठ गोळ्या, गुडघ्यावर वीस, झोपून वीस, उभ्याने वीस. त्यातल्या पन्नास गोळ्यांना दहा आणि उरलेल्या दहांना नऊ मिळाले की झाले ५९०.

आता रायफल एखाद्या शिकंज्यात घट्ट आवळली आणि माणूस बाजूला केला, तरी तिच्या सगळ्या गोळ्या एकाच छिद्रातून जात नाहीत. त्यांचा एक छोटा पुंजका तयार होतो. नेमबाज त्याला 'ग्रुप' म्हणतात. कॉलेजात एनसीसी केलेल्यांना हा शब्द लगेच आठवेल, कारण पाच गोळ्या झाडल्यावर उस्ताद आधी ग्रुप बघायचे आणि मग तो मध्याच्या किती जवळ आहे ते. ते बरोबरच होतं. मध्यापासून दूर पडलेला पण घट्ट ग्रुप साइटच्या दोन क्लिकमध्ये जागेवर येतो. विखुरलेल्या ग्रुपला साइट काही करू शकत नाही.

समजा, रायफलचा दहा गोळ्यांचा ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत १४ मिलिमीटरचा आहे. त्यातून गोळीचा व्यास वजा केला की उरतात ८.४, म्हणजे मध्यापासून जास्तीत जास्त ४.२ मिलिमीटर. आठातले ४.२ रायफलने खाल्ले. श्वास, नाडी, वारा, ट्रिगरवरचं बोट या सगळ्यासाठी नेमबाजाकडे ३.८ मिलिमीटर राहिले. तोच ग्रुप २२ मिलिमीटरचा झाला तर त्रिज्या होते ८.२. आता नेमबाजाने काहीही चूक केली नाही तरी एखादी गोळी नवात जाऊ शकते.

१४ आणि २२ मधला फरक नुसत्या डोळ्यांना फारसा जाणवत नाही, गुणफलकावर मात्र दिसतो. आणि बहुतेक वेळा नेमबाज आधी स्वतःलाच दोष देते. नवीन बॅरल, चांगले गुण, मग काही महिन्यांनी अधूनमधून एक नऊ. मग पोझिशन बदलून बघायची, ट्रिगरचं वजन बदलायचं, प्रशिक्षकाशी वाद. यात एक अख्खा हंगाम जाऊ शकतो, आणि दोष चेंबरच्या पुढे जमलेल्या काळ्या कड्यात असू शकतो.

आधी स्क्रू तपासा

रसायनांच्या बाटल्या उघडण्याआधी फुकटातल्या गोष्टी बघायच्या असतात. रायफलचं यंत्र आणि बॅरल ज्या दांड्यावर, म्हणजे स्टॉकवर बसतं, ते धरून ठेवणारे दोन स्क्रू सैल झाले की ग्रुप फुटतो. म्हणून अनेक नेमबाज टॉर्क रेंच वापरून ते दर वेळी सारख्याच ताकदीने आवळतात आणि आकडा वहीत लिहून ठेवतात. मागची डायॉप्टर साइट हलते का, पुढच्या साइटचा बोगदा पक्का आहे का, बट प्लेट सरकली का, हेही बघायचं. यातलं काहीही सापडलं तर बॅरलला हात लावायची गरज नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग ग्रुप काढायचा. स्क्रू आवळले, बॅरल धुतलं आणि काडतुसंही बदलली, तर ग्रुप सुधारला तरी कशाने सुधारला ते कधीच कळत नाही.

बॅरलच्या आत काय साठतं?

ऑलिंपिकच्या ५० मीटर प्रकारात ०.२२ लाँग रायफल हे काडतूस वापरतात. १८८७ पासून चालत आलेलं हे काडतूस पितळेच्या छोट्या नळीसारखं असतं. तिच्या तळाच्या काठात पोकळी असते आणि पेट घेणारं प्राइमरचं मिश्रण त्याच काठात भरलेलं असतं. फायरिंग पिन काठावर आपटते, मिश्रण पेटतं, दारू जळते आणि साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी पुढे सरकते. गोळीवर मेणाचा किंवा ग्रीससारखा थर असतो. बॅरलच्या आत कोरलेल्या नागमोडी चरांमुळे, म्हणजे रायफलिंगमुळे, गोळीला फिरकी मिळते. ०.२२ च्या बॅरलमध्ये सहसा १६ इंचांत एक फेरा असतो. गोळी सेकंदाला ३२५ मीटरने बाहेर पडत असेल तर ती सेकंदाला सुमारे ८०० वेळा स्वतःभोवती फिरते. ही फिरकी आणि बाहेर पडण्याचा क्षण दर वेळी सारखा असेल तर ग्रुप घट्ट राहतो.

प्रत्येक गोळी मागे काहीतरी सोडून जाते: दारूची काजळी, मेण, शिशाचा अंश आणि प्राइमरची राख. अनेक रिमफायर प्राइमरमध्ये घर्षणासाठी बारीक काचपूड असते. यातलं बरंचसं पुढची गोळी ढकलून नेते. पण जिथे पितळेची नळी संपते आणि बॅरलचे चर सुरू होतात, त्या अरुंद जागेत काजळी आणि राख थरावर थर बसून कडक होते. गॅसच्या शेगडीवर ऊतू गेलेलं दूध वेळेत पुसलं नाही तर बर्नरभोवती जे कडं तयार होतं, तसंच. नेमबाज त्याला 'कार्बन रिंग' म्हणतात. मऊ शिशाची गोळी या कड्यातून जाताना खरचटते किंवा जरा वेगळी दाबली जाते. प्रत्येक गोळी वेगळी दाबली गेली की प्रत्येक गोळी वेगळी उडते.

गंमत म्हणजे बाहेरून बॅरलमध्ये बघितलं तर ते आरशासारखं चकाकत असतं. कडं मागच्या टोकाला असतं आणि ते दिसायला बोअरस्कोप, म्हणजे नळीत सरकवायचा बारीक कॅमेरा लागतो. एका क्लबमध्ये असा एक कॅमेरा असला तरी सगळ्यांचं काम भागतं.

सफाई करताना बॅरल कसं बिघडतं?

जुन्या रायफलींबद्दल एक गोष्ट वारंवार ऐकू येते: गोळ्यांनी जितकी बॅरलं खराब केली नाहीत तितकी सफाईच्या रॉडने केली. अतिशयोक्ती सोडली तरी त्यात तथ्य आहे. ०.२२ ची मऊ शिशाची गोळी आणि कमी दाब यामुळे बॅरल फार सावकाश झिजतं. तोंडाच्या बाजूने आत-बाहेर घासलेला वाकडा स्टीलचा रॉड मात्र काही मिनिटांत 'क्राउन' बिघडवू शकतो. क्राउन म्हणजे बॅरलच्या तोंडाची ती कड, जिथे गोळी शेवटची स्पर्श करते. तिथला एक ओरखडाही गोळीमागचा वायू एका बाजूने आधी सोडतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो.

म्हणून पद्धत अशी. पहिली गोष्ट, रायफल रिकामी आहे हे स्वतः डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, बोल्ट काढून ठेवायचा आणि काडतुसं त्या खोलीतही ठेवायची नाहीत. मग मागून, चेंबरच्या बाजूने, बोअर गाइड बसवायचा. ही प्लॅस्टिकची किंवा धातूची नळी असते. तिच्यामुळे रॉड सरळ मध्यातून जातो आणि चेंबरला घासत नाही. रॉड एकसंध आणि आवरण असलेला हवा. तुकडे जोडून बनवलेल्या रॉडचे सांधे घासतात. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला कापडाचा पॅच मागून पुढे ढकलायचा, तोंडातून बाहेर पडला की काढून टाकायचा, घाण पॅच परत आत ओढायचा नाही. काही वेळ रसायनाला काम करू द्यायचं. कडं जुनं असेल तर चेंबरजवळच्या भागावर योग्य मापाच्या काशाच्या ब्रशचे मोजके फेरे. परत ओले पॅच, मग कोरडे, पॅच स्वच्छ निघेपर्यंत. खिडकी उघडी, हातात मोजे.

एनसीसीतली 'पुल थ्रू' आणि चिंधी हाच याचा पूर्वज. दोरीच्या टोकाला कापड बांधून ते मागून पुढे ओढायचं; दिशा तेव्हाही बरोबरच होती. फक्त दोरी एका बाजूला तिरकी ओढली की ती तोंडाच्या कडेला घासते, हे तेव्हा फार कुणी सांगत नसे.

किती गोळ्यांनंतर सफाई करायची यावर दोन तट आहेत. काही जण प्रत्येक सरावानंतर दोन-तीन पॅच फिरवतात, काही जण शेकडो गोळ्या झाल्याशिवाय हात लावत नाहीत. दोघांकडेही पदकं आहेत. शहाणपणाचा मार्ग म्हणजे स्वतःच्या रायफलची नोंद ठेवणं: किती गोळ्यांनंतर ग्रुप मोठा व्हायला लागतो, तो आकडा वहीत आला की त्याच्या थोडं आधी सफाई.

आणि सफाईनंतर लगेच रायफलवर रागवायचं नाही. पूर्ण स्वच्छ बॅरलमधून निघालेल्या पहिल्या काही गोळ्या, कधी पाच, कधी वीस, भरकटतात. चरांवर पुन्हा मेणाचा समान थर बसला की ग्रुप आवळतो. म्हणूनच सामन्याच्या आदल्या रात्री बॅरल धुऊन थेट फायरिंग पॉइंटवर जाणं धोक्याचं. या सुरुवातीच्या गोळ्या मोजणीत धरायच्या नाहीत.

अमेरिकेत हे सगळं कुणासाठी?

बॅरलची सफाई आणि काडतुसाची जुळवणी यावर सगळ्यात जास्त डोकं ज्यांनी लावलं, त्यात अमेरिकेतले शेतकरी आणि 'व्हार्मिंट' शिकारी आहेत. कुरणात बिळं करणारे प्रेअरी डॉग आणि वुडचक यांसारखे शेतीचा त्रास मानले जाणारे छोटे प्राणी लांबून टिपण्यासाठीच्या या रायफली. १९३५ साली आलेल्या ०.२२० स्विफ्टसारख्या काडतुसाची हलकी गोळी सेकंदाला १,२०० मीटरपेक्षा जास्त वेगाने जायची. आपल्या ०.२२ च्या जवळजवळ चौपट. एवढ्या वेगात बॅरलच्या सुरुवातीचा भाग उष्णतेने झिजतो आणि गोळीवरच्या तांब्याच्या आवरणाचा लेप चरांवर बसतो. तो काढायला वेगळी, तांबं विरघळवणारी रसायनं लागतात. आपल्या शिशाच्या ०.२२ ला त्यांचा उपयोग नाही.

या रायफलींचे नेमबाज स्वतः काडतुसं भरतात. गोळीचं वजन, दारूचा प्रकार, तिचं प्रमाण, गोळी पितळेत किती खोल बसवायची, यातली एक-एक गोष्ट थोडी-थोडी बदलून आपल्या बॅरलला जमणारं मिश्रण शोधायचं. याला 'लोड डेव्हलपमेंट' म्हणतात. आईने केलेली डाळ आणि मेसची डाळ, डाळ तीच पण फोडणी वेगळी; तसंच काहीसं, फक्त इथे प्रमाण चुकलं तर रायफल हातात फुटू शकते. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. त्यामुळे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करण्याचा विचारही नको.

आपल्याकडे शेतीच्या त्रासाचा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. कोकणात रानडुक्कर आणि माकडांपासून बागा वाचवण्यासाठी शेतसंरक्षणाचे परवाने दिले जातात आणि त्यावर बहुतेक एकनळी बारा बोअर किंवा ठासणीच्या बंदुका असतात. परवाना आहे म्हणून प्राणी मारता येतो असं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे वनखात्याची परवानगी वेगळी लागते. या बंदुकांच्या नळीत चर नसतात, त्यामुळे ग्रुपची चर्चा तिथे फार पुढे जात नाही. पण सफाईचा प्रश्न उलट जास्त तातडीचा. ठासणीच्या बंदुकीतल्या काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि एका रात्रीत गंज धरू शकते. म्हणून अशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावून ठेवावी लागते.

०.२२ मध्ये मग 'फोडणी' कोण बदलतं?

इथेच खेळाचा खरा पेच आहे. रिमफायर काडतुसाच्या काठात एकदा प्राइमर जळला की तो काठ चेपलेला असतो. ते पुन्हा भरता येत नाही. नेमबाजाला दारू, गोळी, खोली यातलं काहीच बदलता येत नाही. कारखान्यातून येईल ते वापरायचं.

पण कारखान्यातून येणारं प्रत्येक काडतूस सारखं नसतं. इंग्लंडमधली एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ या कंपन्यांची वरच्या दर्जाची काडतुसं जगभरचे नेमबाज वापरतात. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या खोक्यावर वेगवेगळा लॉट नंबर छापलेला असतो. एकाच यंत्रावर, एकाच सलग उत्पादनात बनलेली काडतुसं म्हणजे एक लॉट. साच्यातला सूक्ष्म फरक, मेणाचा थर, प्राइमरचं वाटप, दारूची खेप हे सगळं लॉटमध्ये बऱ्यापैकी सारखं राहतं, दुसऱ्या लॉटमध्ये किंचित बदलतं. आणि कुठल्या बॅरलला कुठला लॉट आवडेल याचं सूत्र कुणाकडेच नाही. शेजारणीच्या रायफलमध्ये सोन्यासारखा चाललेला लॉट तुमच्या रायफलमध्ये साधा ठरू शकतो. साडी मांडीवर घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही, तसं काडतूस झाडल्याशिवाय कळत नाही.

वेगातला फरक किती महाग पडतो बघा. ३२५ मीटर वेगाची गोळी ५० मीटर जायला साधारण ०.१६ सेकंद घेते. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली ओढतं. साइट ते गृहीत धरूनच लावलेली असते. पण एखादी गोळी सेकंदाला फक्त तीन मीटर सावकाश निघाली, तर ती सुमारे अडीच मिलिमीटर आणखी खाली पडते. नेमबाजासाठी उरलेले ३.८ मिलिमीटर आठवा. त्यातले अडीच गेले.

म्हणून मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या चाचणी रेंज आहेत. नेमबाज रायफल घेऊन जातो, स्टॉक उतरवून यंत्र आणि बॅरल शिकंज्यात आवळतात आणि एकामागून एक लॉट ५० मीटरवर झाडून ग्रुप मोजतात. सगळ्यात घट्ट निघालेल्या लॉटची हजारो काडतुसं तो तिथेच राखून ठेवतो. लोड डेव्हलपमेंटचं रिमफायर रूप हेच: मिश्रण बदलता येत नाही, म्हणून तयार मिश्रणांतून आपलं शोधायचं.

ही सोय कुणाला परवडते?

राष्ट्रीय संघातल्या, प्रायोजक असलेल्या नेमबाजाला युरोपच्या दौऱ्यात अशी चाचणी जमू शकते. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात किंवा वरळीच्या रेंजवर सराव करणाऱ्या ज्युनियर मुलीचं तसं नाही. रायफल आयात, काडतुसं आयात, परवाना, कोटा. जो लॉट आला तो आला. पुढच्या वर्षी तोच लॉट मिळेल याची खात्री नाही. क्लबची रायफल असेल तर तिच्यातून तीन मुलं तीन प्रकारची काडतुसं झाडतात आणि प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं. बॅरलला दर वेळी नव्याने सवय लागते.

महाराष्ट्राने रायफल नेमबाजीत दिलेली नावं बघितली की हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं, विश्वविक्रमाची बरोबरी करत. सुमा शिरूर २००४ च्या अथेन्समध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत होत्या आणि आता त्यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेलला आहे, शिरवण्यापासून फार लांब नाही. नवी मुंबईतली बहुतेक मुलं सुरुवात एअर रायफलपासूनच करतात. तिथे दारू नाही, काजळी नाही, छर्ऱ्यांचे डबे मात्र तपासून निवडावेच लागतात. ०.२२ वर गेल्यावर खर्च आणि गुंतागुंत दोन्ही एकदम उडी मारतात, आणि अनेकांची वाट तिथेच थांबते.

चाचणी इथल्या रेंजवर जमेल का?

बऱ्याच प्रमाणात जमते. शिकंजा नसेल तर झोपून, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून. आधी सफाई, मग बॅरलला मेण धरू देण्यासाठी पंधरा-वीस गोळ्या, मग पहिल्या लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप. लॉट बदलला की पुन्हा काही गोळ्या वाया घालवायच्या, नाहीतर नव्या लॉटला आधीच्या मेणावरून जावं लागतं. वारा असेल तर चाचणी नको. सकाळी लवकर, ध्वज पडलेले असताना.

पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप बघून निर्णय घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. पाच गोळ्या योगायोगाने जवळ पडू शकतात. सहावी ग्रुप मोठाच करू शकते, लहान कधीच नाही. म्हणून चार ग्रुपची सरासरी बघायची आणि सगळ्यात वाईट ग्रुपकडे जास्त लक्ष द्यायचं. सामन्यात नऊ तिथूनच येतो.

चार लॉट तपासायचे म्हणजे १६० गोळ्या, वाया घालवलेल्या वेगळ्या. अडीच सामन्यांहून जास्त. एकट्या मुलाला हे जड जातं. एका क्लबमधल्या चार-पाच जणांनी वेगवेगळे लॉट थोडे-थोडे मागवून आपसात तपासले, आणि ज्याच्या बॅरलला जो जमतो तो त्याने घेतला, तर तोच खर्च वाटला जातो. काडतुसं देणं-घेणं मात्र परवान्याच्या नोंदींत बसवूनच करावं लागतं. त्यासाठी क्लबनेच पुढाकार घेतलेला बरा.

तापमानाचाही हिशेब ठेवायचा. थंडीत मेण घट्ट होतं, उन्हात मऊ. डिसेंबरात सकाळी पुण्यात पहिला आलेला लॉट एप्रिलच्या दुपारी तसाच वागेल असं धरून चालू नये. वहीत तारखेशेजारी तापमान लिहिलं की पुढच्या वर्षी उपयोगी पडतं.

आणि पावसाळा?

शिरवणे, नेरूळ, पनवेल हा सगळा पट्टा खाडीच्या हवेतला. जुलैत इथे कपाटातल्या कैचीलाही गंज चढतो, मग स्टीलच्या बॅरलची काय कथा. सरावानंतर एसी रेंजमधून दमट हवेत रायफल बाहेर काढली की थंड धातूवर पाणी धरतं, चष्म्यावर धरतं तसं. ती तशीच केसमध्ये बंद केली तर तो ओलावा आतच राहतो. केसमधला फोम तर स्पंजच. घरी पोहोचल्यावर केस उघडी ठेवायची, रायफल कोरडी होऊ द्यायची, आतून तेलाचा पातळ पॅच फिरवायचा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. पुढच्या वेळी झाडण्याआधी ते तेल कोरड्या पॅचने पूर्ण पुसून काढायचं, कारण तेलावरून गेलेली पहिली गोळी कुठेही जाऊ शकते. काडतुसांचे डबेही हवाबंद, आणि लॉट नंबर लिहिलेली चिठ्ठी डब्याच्या आत ठेवायची. बाहेरचं खोकं फाटतं आणि मग कुठल्या लॉटने तो घट्ट ग्रुप दिला होता ते कुणालाच सांगता येत नाही.